भाईदास पंपावरच असतो

"उद्या रजा? उद्या योजनेची चाचणी आहे, भाईदास!" पाणीपुरवठ्याच्या गिरासे साहेबांनी फोनवरच विषय संपवला.

गावाचा पंप चालवणारा भाईदास पंपघराच्या पायरीवर बसला. त्याची लेक काजल पहिलटकरीण, चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात दाखल होती. त्याची बायको भिकुबाई कालच लेकीजवळ गेली होती. काजलला मात्र बाप हवा होता. पण पंप सोडून भाईदास गावाबाहेर गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. काजलच्याच लग्नात अक्षता पडल्या आणि गडी पाणी सोडायला पळाला होता!

आत अस्मा नव्या पॅनेलच्या वायरी आवळत होती. सरकारी पाणी योजनांचे पंप मोबाईलवरून चालतील अशी यंत्रणा बसवणारी ही नंदुरबारची इंजिनिअर. भाईदासचं तोंड पाहून तिलाच वाईट वाटलं.

"एकदा चाचणी पास होऊ दे काका, मग खुशाल लेकीकडे राहा."

"अनि तुन्हा मोबाईल बंद पडना ते? गाव पानीबिगर तिशे मरी. मोटर मन्हा डोयासमोर पायजे."

तरी तिने त्याच्या मोबाईलवर टाकून दिलेलं बटण त्याने दोनदा दाबून पाहिलं. पंप घुरघुरला, थांबला. भाईदासने नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि अस्मा टेकडीवरच्या टाकीपाशी उभे होते. पंपघर खाली, नदीकाठी.

"आधी माणसाच्या हातानं चालू होऊ दे," साहेब म्हणाले. "मोबाईलचं कौतुक नंतर."

अस्माने स्पीकरवर भाईदासला फोन लावला. "काका, करा चालू."

"करस." फोनमध्ये त्याच्या मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"नदीवर गर्दी दिसतेय," साहेब म्हणाले.

थोड्या वेळात टाकीत पाणी कोसळू लागलं. साहेबांची कळी खुलली. "बघा! याला म्हणतात माणूस. तुमच्या यंत्राचा काय भरवसा?"

अस्माचा चेहरा पडला. महिनाभराची मेहनत साहेबांच्या एका सहीवर अडली होती.

"चला पंपघरात," साहेब म्हणाले. "भाईदासला बाहेर काढू, मोबाईलवरून पंप बंद करून दाखवा. माझ्या डोळ्यांदेखत झालं तरच पास."

जीप नदीकाठी आली. काठावर चिटपाखरू नव्हतं. आत पंप चालू होता, आणि दाराला बाहेरून कुलूप होतं.

साहेबांनी दार धडधडवलं. मग भाईदासला फोन लावून स्पीकर चालू केला.

"कुठे आहात तुम्ही?"

आधी तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

"चिंचपाडाले, सायब. सकायनाच उनू. नात व्हयनी मले!" मग एकदम भानावर येऊन तो म्हणाला, "टाकी भरायनी व्हई, नई का? थांबा, बंद करस."

साहेब काही बोलणार, तोच कुलपामागची घरघर थांबली.