जुन्या तुळया

तळघरातल्या खोलीत अर्विड फॉल्स सीलिंग बसवत होता. त्याची लेक कॅरिन तिथेच राहायची, आणि शुक्रवारी ती मानसोपचाराच्या इस्पितळातून घरी येणार होती. शेजारचा लोवेल, जन्मभर सुतारकाम केलेला म्हातारा, गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी सोडून मदतीला आला आणि आल्या आल्या कुरकुरू लागला.

"आधीच तळघर बुटकं, त्यात आणखी फूटभर खाली? डोकं आपटेल तुझं."

"आपटू दे."

"आणि या तुळया झाकतोस? अरे, असलं लाकूड आता बघायला मिळत नाही!"

अर्विड छताची चौकट टांगायची तार पिळत राहिला.

"बरं, निदान पोरीच्या झुल्यासाठी तुळईत एक कडी ठोकून देतो. तुझं हे छत म्हणजे नुसता पुठ्ठा. साधी कुंडी टांगलीस तरी सगळं खाली येईल."

अर्विड शिडीवरच थांबला. "नक्की येईल?"

"येईल म्हणजे? लिहून देतो!"

"कुंडीचं सोड, लोवेल. कॅरिन फक्त नव्वद पौंडांची आहे."

लोवेलने वर तुळईकडे पाहिलं. मग हातातली कडी खिशात टाकून त्याने दुसरी शिडी लावली.