जावयासमोर

तिसऱ्या दिवशी गोदाक्कांना सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. सलाइनचे थेंब, खिडकीतलं ऊन, उशाशी पेपर वाचणारे जावईबापू. आतडं अडकल्याचा संशय होता. नाकात नळी आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही.

डोळे मिटले की त्या शेतातल्या कोरड्या पाटाकाठी उभ्या असायच्या. आज पहाटे मात्र दुरून पाण्याची खळखळ ऐकू आली होती.

"आक्का, वारा सरला का?" सिस्टरने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. पदर डोक्यावर ओढून गोदाक्कांनी मानेनंच नाही म्हटलं. म्हणजे आतडं अजून बंदच; आता दुपारचं ऑपरेशन ठरल्यातच जमा होतं.

सिस्टरने पोटावर स्टेथोस्कोप टेकवला आणि ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने गोदाक्कांकडे पाहिलं, पेपराकडे पाहिलं.

"दादा, जरा बाहेर बसता?"

दार लागलं. "पहाटेच सरला गं," गोदाक्का पुटपुटल्या. "पण जावयासमोर कसं बोलायचं?"

हसू दाबत सिस्टर डॉक्टरांना कळवायला निघाली, तशी गोदाक्कांनी तिचा हात धरला. "जावईबापूंना सांगू नकोस हो!"

"मग त्यांना काय सांगू?"

गोदाक्कांनी डोळे मिटले. "सांग, पाटाला पाणी आलं."