पुरावा चालू स्थितीत

परदेशी मालावरचा शहराचा कर बुडवून बिनबिलाचा धंदा करतो म्हणून कर खात्याने दुकानदारावर खटला भरला आणि मसाजची एक नवीकोरी खुर्ची पुरावा म्हणून उचलून नेली. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याला कचेरीत बोलावलं, तर साहेब त्याच पुराव्यावर पाय पसरून गदगदा हलत होते.

"शहराच्या रस्त्यांवरून माल आणायचा आणि शहरालाच टोपी घालायची? उद्या कोर्टात तुझी खैर नाही!" साहेबांचा आवाज खुर्चीबरोबर थरथरला. मग इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "अहो, ही डाव्या बाजूला काही दाबत नाही. वॉरंटी देता ना तुम्ही?"



"देतो की, साहेब," दुकानदाराने हात जोडले. "फक्त बिल घेऊन या."