शेश्तिनची बहीण

बाहेर बूट वाजले तेव्हा होकान गाईखाली बसला होता. अंगात बायकोचा घागरा, डोक्याला तिचाच रुमाल. बादली निम्मी भरली होती. पावलं त्याने ओळखली. दगडावर काठी टेकत चालणारा माणूस त्या भागात एकच होता, जमीनदाराच्या कोठीचा मुकादम हुल्तमान.

गोठ्याला दुसरं दार नव्हतं.

घागरा काढायला वेळ नव्हता. काढला असता तरी बादली होतीच. पुरुषाने धार काढायची नाही, ही त्या मुलखाची रीत. बाप्ये उपाशी राहतील, पण गाईच्या सडाला हात लावणार नाहीत. तसा कुणी सापडला तर रविवारी चर्चच्या दारात त्याचं हसं आणि पोरांना जन्मभराचं टोपणनाव. होकानला हसण्याची एवढी भीती नव्हती. भीती होती ती करारातल्या एका ओळीची. जंगलाच्या कडेची झोपडी, बटाट्याचा तुकडा आणि एका गाईपुरतं गवत कोठीने त्याला दिलं होतं. बदल्यात पुरुषाने आठवड्यातले तीन दिवस राबायचं आणि बाईने कोठीच्या गाईंची धार काढायची. बाई नाही, तर झोपडी नाही.

त्याची बायको शेश्तिन फेब्रुवारीत गेली, छातीच्या दुखण्याने. तिला पुरून आठ दिवस झाले नाहीत तोच हुल्तमानने विचारलं होतं, "आता धारेला कोण?" होकानच्या तोंडून निघून गेलं, "तिची बहीण आलीय." शेश्तिनला बहीण नव्हती. तेव्हापासून ती बहीण कधी तापाने पडली होती, कधी तिचा पाय मुरगळला होता. असे तीन आठवडे काढले. घर सुटलं की गावची पंचायत त्याच्या तिन्ही पोरी तीन घरी वाटून टाकणार, हे त्याला ठाऊक होतं. धाकटीला अजून स्वतःचे बूट उलटसुलट कळत नव्हते.

गाय मात्र त्याच्या हाताला पान्हवायची नाही. लाथ मारायची. शेश्तिनला हे आधीच कळलं असावं. शेवटच्या दिवसांत अंथरुणात पडल्या पडल्या ती त्याचा अंगठा धरून शिकवायची.

"ओढू नका हो. वरून दाबत खाली या. आणि माझा घागरा घाला. तिला तो वास माहीत आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तुमच्या पोरींना दूध देणारेत का?"

दारातला उजेड अडला. होकानने कपाळ गाईच्या पोटात खुपसलं आणि हात चालू ठेवले.

"होकान आहे का?"

त्याने नुसती नकाराची मान हलवली. आवाज निघाला की संपलं.

"म्हणजे तूच ती मेव्हणी. उठून बसलीस हे बरं केलंस. तुझी दुखणी ऐकून मला वाटलं, आता पाद्र्यालाच बरोबर आणावं."

होकान धार काढत राहिला.

"मुकी आहेस की लाजतेस?"

बूट जवळ आले. काठीचं टोक बादलीपाशी टेकलं. होकानला स्वतःचे हात दिसत होते. कुऱ्हाडीने घट्टे पडलेले, मनगटावर काळे केस. मुकादमालाही ते दिसतच असणार. पलीकडे घरात थोरली धाकटीला दटावत होती. या दोघींना एका छपराखाली बोलताना आपण शेवटचं ऐकतोय, असं त्याला वाटलं. गाईने शेपूट मारली. फेसात पडणारी धारसुद्धा आता फार मोठ्याने वाजत होती. हुल्तमानची काठी बादलीपासून हलली नव्हती. एवढा वेळ कुणी उगाच उभं राहत नाही.

"शेश्तिन अकरा वर्षं आमच्याकडे होती," हुल्तमान शेवटी म्हणाला. आवाज उतरला होता. "एकदाही बादली सांडली नाही तिच्या हातून. तुझाही हात तिच्याच वळणाचा दिसतो."

कोटातून वही निघाल्याचा आवाज आला. "नाव?"

होकानने कपाळ गाईच्या पोटात आणखी दाबलं.

"मार्ता लिहितो. सोमवारी पहाटे ये. कोपऱ्यातल्या सहा गाई तुझ्या. तिथे कंदील पोचत नाही. उजाडायच्या आत घरी जा. होकानचं काम त्यानंतर सुरू होतं, म्हणजे तुमची दोघांची गाठ पडायची नाही."

तो दारापर्यंत गेला. वळून पाहिलं नाही.

"आणि बाई, येण्याआधी दाढी कर."

शंभर वर्षांनी धाकटीच्या एका पणतूने घराण्याची माहिती काढायला घेतली. कोठीच्या जुन्या वहीत त्या झोपडीपुढे त्याला होकान आणि त्याची मेव्हणी मार्ता, अशी दोन नावं मिळाली. सलग नऊ वर्षं. त्यानंतर धारेला थोरली मुलगी. मार्ताचा जन्म त्याने आसपासच्या सात गावांच्या दफ्तरांत शोधला. सापडला नाही. मृत्यूही नाही. लग्न करून गेली म्हणावं तर तेही नाही. पण नऊ वर्षं पोरींच्या घरात राबलेल्या बाईला वंशावळीतून वगळणं त्याला बरं वाटेना. शेवटी त्याने तिचं नाव शेश्तिन आणि होकान यांच्या मधोमध लिहिलं.