आपोआप उतरणारं विमान

मी बॅगेची चेन अगदी हळू ओढली, तरी सकाळच्या शांततेत ती करकरलीच. पाच वर्षांची लेक जागी झाली आणि तडक खिडकीशी गेली.

"आई, समोरची इमारत कुठे गेली?"

"तिथेच आहे गं, धुक्यात."

"मग तुला खालचं कसं दिसणार? आज नको ना विमान चालवूस." तिचा ओठ थरथरायला लागला.

निघायला दहाच मिनिटं होती. गणवेश चुरगळला तर चुरगळला म्हणत मी तिला मांडीवर घेतलं. "अगं, धावपट्टीजवळून रेडिओचा इशारा येत असतो. तो पकडून विमानातलं यंत्र विमानाला बरोबर मधोमध खाली आणतं. मला काही दिसलं नाही तरी ते आपोआप उतरतं."

"आणि तू काय करतेस?"

"मी सुकाणूवर हात ठेवून नुसती बघत बसते. यंत्र जरा जरी गडबडलं, तर विमान परत वर न्यायचं."

"तुझी आई यंत्रालासुद्धा डोळे वटारून सरळ ठेवते," स्वयंपाकघरातून तिचे बाबा म्हणाले.

ती खुदकन हसली. "कधी गडबडलंय?"

"माझ्यासमोर तरी अजून एकदाही नाही." खरंच होतं ते. तिची घट्ट मिटलेली मूठ सैल झाली. सुटले बाई, असं मनात म्हणत मी उठले आणि बॅग उचलली.

तिने बॅगेचा पट्टा धरला.

"मग आज तू घरी थांबलीस, तरी ते उतरेल ना?"