डोकं कुणीकडं

खड्डा खणणारा दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं तमिळमध्ये विचारलं, "डोकं कुणीकडं ठेवायचं? त्या बेतानं खणायला घेतो."

मांडवातली कुजबुज थांबली. तमिळ मुलखातल्या आवडी गावी, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, ऊन नुकतं चढत होतं. दत्ताजी बाकावर निजले होते, अंगावर हार, उशाशी उदबत्ती. कारखान्यातली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. जयवंतीनं दिराकडं पाहिलं. नवरा गेल्यापासून सगळ्याचा विचार झाला होता, एवढी एकच गोष्ट राहून गेली होती.

उदबत्ती तिच्या दिरानं, रत्नाकरनं, लावली होती. पहाटे तांबरमहून येतानाच तो घेऊन आला. भिंतीवरचा क्रूस त्यानंच काढून पिठाच्या डब्यात घातला. येऊ नका म्हणून पाद्रींना निरोपही त्यानंच धाडला. "पुरूच," तो म्हणाला होता. "इकडं पुष्कळ हिंदूही पुरतात, कुणी काही म्हणणार नाही. पण वहिनी, तू मसणात यायचं नाहीस. त्यांच्यातल्या बाया जात नाहीत. आणि रडताना जपून. तोंडातून प्रभूचं नाव गेलं, की कनकाची नोकरी गेली म्हणून समज."

कनका, त्यांची एकुलती एक लेक, बँकेत राखीव जागेवर निवडून आली होती. जातीची चौकशी अजून व्हायची होती. कागदावर घर हिंदू होतं. ख्रिस्ती झालेल्याची जात कायदा धरत नाही, आणि जात गेली की जागाही गेली. कुळ तेच, गावकुसाबाहेरचं घर तेच, खाल्लेल्या शिव्या त्याच. दाखला तेवढा जातो.

भीती होती ती शेजारच्या गुरुमूर्तींची. ते तंजावरकडचे मराठी. बाकीच्या लोकांदेखत मराठीत कुजबुजता येई, यांच्यासमोर तीही सोय नव्हती. तसा माणूस भला. बर्फ त्यांनीच आणवला, मांडवही त्यांनीच घालून दिला. पण गेल्या साली मागच्या ओळीतल्या एका पोराच्या चौकशीला साहेब आला, त्यानं यांना विचारलं, आणि यांनी सांगून टाकलं, होय, दर रविवारी चर्चला जातो. पोराची नोकरी गेली. त्याची आई दारात येऊन रडली, तेव्हा म्हणाले, "मी तरी काय करूं, अक्का? विचारलें, तर खोटें कसें सांगूं?"

"दक्षिणेला," रत्नाकर पुढं होऊन म्हणाला. "डोकं दक्षिणेला. सगळ्यांचं असतं तसंच. त्यात विचारायचं काय?"

खणणारा वळला.

जयवंतीनं मान खाली घातली. ख्रिस्ती माणसाचे पाय उगवतीकडे ठेवतात. प्रभू येईल त्या सकाळी मेलेलं माणूस उठून उभं राहील, तेव्हा त्याचं तोंड प्रभूकडे असावं म्हणून. आता दत्ताजी उठणार आणि भलतीकडंच बघत राहणार. प्रभू समजून घेईल, ती मनात म्हणाली. त्याला काय दिशा कळत नाहीत?

"थांबा," कनका उठून उभी राहिली. "पाय उगवतीकडे. डोकं मावळतीला."

"कनका!" जयवंतीनं मनगट धरून तिला खाली ओढलं.

रत्नाकर उगाचच हसला. "रात्रभर जागी आहे पोरगी. तिला कसली दिशा कळतेय! तू जा रे बाबा. दक्षिणेला."

"मला कळतंय, काका. अप्पांनी मलाच सांगून ठेवलंय."

खणणाऱ्यानं फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मेलेला भांडत नाही, जिवंत माणसंच भांडतात. काय ते नीट ठरवा. जमीन टणक आहे, पुन्हा खणायला मी यायचा नाही."

गुरुमूर्तींनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "कां ग बाळे? उगवतीकडे कां?"

कनकानं तोंड उघडायच्या आत जयवंती भराभर बोलली, "पहिल्या पाळीचे होते ना ते. जन्मभर सूर्याकडं तोंड करून उठले. म्हणून म्हणते पोरगी. दुसरं काही नाही हो."

गुरुमूर्तींनी तिच्याकडे पाहिलं. मग बाकावरच्या दत्ताजींकडे बराच वेळ पाहिलं.

"होय," ते म्हणाले. "पहिली पाळी." आणि खणणाऱ्याला तमिळमध्ये म्हणाले, "मुलगी सांगते तसं खण."

तो गेला. रत्नाकरनं कपाळावरचा घाम पुसला. जयवंतीला वाटलं, निभावलं.

गुरुमूर्तींनी खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणून ते कनकाला म्हणाले, "बाळे, तुझ्या चौकशीचा साहेब माझ्याकडेच येईल. अप्पांना कसें ठेवलें, कां ठेवलें, विचारील. तुझी आई सांगते, तेंच सांगूं?"

"तेच! तेच सांगा की, राव," रत्नाकर म्हणाला.

"तुम्हांस नाहीं विचारलें."

कनकानं आईकडे पाहिलं. जयवंतीनं डोळ्यांनीच तिला विनवलं, हो म्हण. एवढं एकदा हो म्हण.

"तुम्ही जे पाहिलंत ते सांगा, मामा," कनका म्हणाली.

गुरुमूर्तींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते जयवंतीला उमगलं नाही. पोरीला गप्प करायला धरलेलं मनगट अजून तिच्या मुठीत होतं. आता ते तिला सोडवेना.