मागे फिरायचं नाही

भोंगा वाजला तेव्हा म्हातारा आरशासमोर होता. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर फेस होता. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. रस्त्यावरून एक गाडी कर्ण्यावरून ओरडत गेली. धरणाचे दरवाजे उघडलेत, नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब घरं सोडावीत.

सून स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, खरं असेल का हो?"

"खरं की खोटं ते वर पोचल्यावर बघू," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच चमकला. हे वाक्य त्याचं नव्हतं, बायकोचं होतं.

ती गिरणीत हजेरी घ्यायची. तिथे वर्षातून दोनदा आगीची तालीम होई. ती तिने घरी आणली, फक्त आगीच्या जागी पाणी घातलं. सुट्टीच्या दिवशी सगळे जेवून आडवे झाले की ही दारात उभी राहून ओरडायची, "पाणी आलं!" मुलाने कागदांची पिशवी उचलायची, तिने औषधांची. नवऱ्याने गॅस आणि मेन स्विच बंद करायचा. मग टेकडीवरच्या शाळेपर्यंत चालत जायचं. म्हातारा तेव्हा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून वेळ मोजणं त्याच्याकडे. पहिल्या खेपेला घराबाहेर पडायलाच अकरा मिनिटं लागली, कारण मुलाची एक चप्पल सापडेना. "गॅस बंद, वीज बंद, आता तेवढं तोंड बंद कर," तो वैतागून म्हणायचा. सगळी गल्ली खिडक्यांत उभी राहून दात काढायची. सून घरात आली तेव्हा तिलाही पहिल्याच महिन्यात पळवलं. "आई, मी माहेरी पळून चाललेय असं वाटेल हो लोकांना," ती म्हणाली होती. त्या दिवशी चौघंही टेकडी चढताना हसून हसून बेजार झाले होते.

इतक्या वर्षांत नदीने एकदाही बांध ओलांडला नाही. तीन वर्षांपूर्वी बायको गेली आणि तालीमही थांबली.

"कागद मी घेते," सून म्हणाली. तिचा नवरा नदीपलीकडे कामावर होता. म्हाताऱ्याचा हात तोवर गॅसच्या खटक्यावर गेलाही होता. मग मेन स्विच. मग औषधं. आठ वर्षांची नात मध्येच उभी होती. "आणि मी?"

"तू पाण्याच्या बाटल्या."

शेजारी शिंपी आणि त्याची बायको मिळून कपाट माळ्यावर चढवत होते. "काका, एवढी काय घाई? ऊन पडलंय बघा!" शिंपी आतूनच ओरडला. गल्लीच्या टोकाला गटाराचं झाकण खडखडत होतं. खालून पाणी वर येत होतं.

दाराबाहेर आल्यावर म्हातारा थबकला.

"तिचा फोटो राहिला."

"बाबा, नको."

"भिंतीवरून काढायचाय फक्त. आलोच." तो वळला.

सुनेने त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. इतक्या वर्षांत तिने सासऱ्याला कधी असं अडवलं नव्हतं. "आई काय म्हणायच्या?"

म्हाताऱ्याला आठवलं. एकदा तालमीत त्याने बायकोची थट्टा केली होती. 'मागे फिरायचं नाही म्हणतेस, पण तूच आत राहिलीस तर?' ती हसली नव्हती. 'तरी फिरायचं नाही,' म्हणाली होती.

त्याने दार ओढून घेतलं आणि चालू लागला.

दुपारी शाळेच्या ओसरीवरून घर दिसत होतं. पाणी खिडकीच्या गजांपर्यंत चढलं होतं. थोड्या वेळाने गजही दिसेनासे झाले. शिंप्याला आणि त्याच्या बायकोला छपरावरून होडीत घ्यावं लागलं. दोघं ओलेचिंब, रिकाम्या हातांनी वर आले. शिंप्याची मधुमेहाची औषधं कपाटातच राहिली होती. "माळ्यावर ठेवलं होतं हो सगळं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. म्हाताऱ्याने त्याला दाढीच्या वेळी खांद्यावर टाकलेला टॉवेल दिला आणि आपल्या औषधांच्या पिशवीतलं त्याला काही चालेल का ते विचारायला शाळेत आलेल्या डॉक्टरीणबाईंना शोधायला गेला.

फोन केव्हाच बंद पडले होते. सून फाटकाशी उभी होती, हलायला तयार नव्हती. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिचा नवरा चढ चढून आला. वरच्या पुलावरून लांबचा फेरा घेऊन आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं, कुठे शोधलं नव्हतं. सरळ इथे आला होता. त्याने बायकोचा खांदा धरला. मग बापाकडे बघून त्याने विचारलं, "किती मिनिटं?"

"सहा. दारात एक मिनिट माझ्यामुळे गेलं."



शाळेच्या बाकावर नात आजोबांना चिकटून बसली. "आजोबा, आजी खूप शूर होती ना?"

"शूर? छे गं! एक नंबरची भित्री. ढग गडगडले तरी पांघरूण डोक्यावरून ओढायची."

नात खुदकन हसली. म्हाताऱ्याने खाली पसरलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"आमच्या सगळ्यांच्या वाट्याचं," तो म्हणाला, "ती एकटीच भ्यायची."